मेंदूची पसंती

मुलाची पसंती हल्ली थेट त्याच्या मेंदूला विचारतात. मुलीच्या मामांनी हेरंबच्या मनगटावर डोपामाइनचा मीटर बांधला. हेरंबने नशेच्या उत्तेजक गोळ्या सोडल्या होत्या. पण तेव्हापासून त्याच्या मेंदूला कशाचंच कौतुक उरलं नव्हतं. घरच्या रंगीत तालमीत आईच्या पुरणपोळीलाही काटा हलला नव्हता.

शाल्मली पोहे घेऊन आली, छान हसली. काटा ढिम्म. हेरंबला घाम फुटला. हिच्याशी लग्न करून त्याला पुन्हा माणसात यायचं होतं.

"अहो पाहुणे, जिवंत आहात ना?" म्हणत मामांनी खिशातून आपल्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी काढली. चंदेरी कागद चुरचुरला आणि काटा टोकाला जाऊन थडकला.

"पसंत!" मामा ओरडले. "पेढे आणा!"

शाल्मली लाजली. हेरंबची नजर पट्टीवरून हलेना.