वेंडेलचा ग्लास

वेंडेल हवाई दलाच्या आमच्या कमांडो तुकडीतला, युद्धात गेला. दरवर्षी त्याच्या स्मरणदिनी फ्लोरिडातल्या आमच्या बारमध्ये त्याच्या खुर्चीपुढे बिअरचा ग्लास भरून ठेवायचा आणि सगळ्यांनी जमिनीवर माना खाली घालून त्याच्या नावाने जोर काढायचे, ही तुकडीची रीत. उठून बघावं तर ग्लास रिकामा! "बेटा गेला, पण त्याची तहान काही गेली नाही," ही कंडी मीच गावभर पिकवलेली.

यंदा मला मध्येच दम लागला.

"थकलास होय रे म्हाताऱ्या?" शेजारचा लॉयड फिसकन हसला.

मी मान वर केली, तर टेबलापाशी वेंडेलचे वडील, दारूच्या वाऱ्यालाही उभे न राहणारे पाद्री हार्लन. तोंड वाकडं करत त्यांनी ग्लास संपवला आणि रिकाम्या खुर्चीला म्हणाले,



"या कडू पाण्यापायी तुला घराबाहेर काढलं रे मी, पोरा."