बारा फेऱ्या

“एवढा मोठा? पोरी, तुला इंजिन थंड करायचंय की अख्खं सित्रा बेट?”

मेकॅनिक शुब्बरने लुलवाच्या हातातला ऑइल कूलर काढून घेतला आणि फळीवर परत ठेवला. “हा लावलास तर तेल नीट तापणारच नाही. गार तेलही इंजिनाला खातं. मधला घे.” त्याने मधल्या मापाचा कूलर टेबलावर ठेवला आणि शेजारी एक जाडजूड रेडिएटर. लुलवाने मान डोलावली. तिला दोन्ही वस्तू सारख्याच दिसत होत्या. गेले नऊ महिने तिला सगळंच सारखं दिसत होतं.

गाडी दुकानाबाहेर उन्हात उभी होती. इंजिन चालू, एसी चालू. स्टीअरिंग डावीकडे; आत शेजारच्या उजव्या सीटवर तिचे बाबा, ईसा, बसले होते. एके काळी बहरीनमध्ये ईसाच्या गाडीच्या पुढे कुणी जात नसे. नऊ महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात शाबूत होता, पण तोही मांडीवर नुसता पडून असायचा. नजर समोर. त्यांना काही कळतं का, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

लुलवा त्यांना भरवायची, पुसायची, कूस बदलून द्यायची. रडायची मात्र नाही. रडायला आधी काहीतरी वाटावं लागतं. शुक्रवारी ती त्यांना याच गाडीतून सखीरच्या शर्यतीच्या ट्रॅकवर न्यायची. पहिली सावकाश फेरी त्यांना शेजारी बसवून मारायची, मग त्यांना गारव्याच्या खोलीत बसवून एकटी पळवायची. आठवड्यात त्यांचं बाहेर पडणं तेवढंच.

आता दहा दिवसांवर शर्यतीच्या संघाची निवड आली होती. सलग बारा फेऱ्या, त्यातून चार जण संघात. वयाची अट पाहता ही तिची शेवटची संधी. आणि गाडी चौथ्या फेरीलाच उकळत होती.

“एसी ठेवून नाही होणार?” तिने विचारलं.

“होईल की. सहा फेऱ्या होतील.” शुब्बरने बोटांवर मोजून दाखवलं. “पुढे एसीची जाळी, मग कूलर, मग रेडिएटर. तिघांना एकाच खिडकीतून वारा हवा. पहिला पोटभर खातो, शेवटच्याला उष्टं मिळतं. बारा हव्या असतील तर एसी काढ.”

“उन्हात बाबांना एसीशिवाय नेता येणार नाही.”

 तरुणपणी शुब्बर ईसाच्या हाताखाली स्पॅनर पुसत असे. त्याने काचेतून गाडीकडे पाहिलं आणि एकदम हसला. “उस्तादांना म्हणे एसी! ऐन जूनमध्ये, रेडिएटर फुटलेला असताना, हा माणूस हीटर पूर्ण सोडून शर्यत संपवून आला होता. इंजिनाची उष्णता आत अंगावर घ्यायची, म्हणजे इंजिन वाचतं. उतरला तेव्हा उकडलेल्या कोळंबीसारखा लाल. आम्ही बादल्या ओतल्या त्याच्यावर.”

लुलवा हसली नाही. गोष्ट तिने शंभरदा ऐकली होती, आणि गोष्टीतला माणूस आता तिथे नव्हता.

“काढा एसी,” ती म्हणाली. आवाज चहा सांगितल्यासारखा.

“मग ती शेजारची सीटही काढू? वजन कमी होईल.”

“काढा.”

“उस्ताद मग घरीच राहतील?”

“त्यांना कुठे काय कळतंय, काका.”

उद्या सकाळी गाडी आणून सोडते, असं सांगून ती निघाली.

पुलावर गाड्या अडकल्या होत्या. पुढे कुठेतरी अपघात झाला असावा. ऑक्टोबर असूनही दुपारचं ऊन काचेवर थापलेलं. लुलवा पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांकडे बघत बसली. किती वेळ, तिला कळलं नाही.

मग गारवा थांबला.

तिने वळून पाहिलं. बाबांचा डावा हात मांडीवर नव्हता. तो गिअरच्या वर, बटणांपाशी होता. त्यांनी एसी बंद केला होता. आता त्यांची बोटं दुसरी खुंटी फिरवत होती, अडत अडत, लाल खुणेपर्यंत. मग पंखा पूर्ण. भट्टीचं दार उघडावं तशी झळ दोघांच्या तोंडावर आली.

“बाबा, नको! चुकून हीटर लागला.” तिने हात पुढे केला.

त्यांनी तिचा हात बाजूला सारला. जोर नव्हता त्यात, पण ते सारणंच होतं. त्यांची नजर गाडीच्या मधल्या पट्टीवर होती. तिथे लुलवाने स्वतः बसवलेला पाण्याच्या तापमानाचा काटा होता. तिने आत्ता तो पाहिला. एकशे अठरा अंश.

दोघं काट्याकडे बघत राहिली. एकशे बारा. एकशे सात. ईसाच्या कपाळावरून घाम भुवईत उतरत होता, तरी ते पापणी हलवत नव्हते. काटा शंभरच्या खाली आला, तेव्हाच त्यांनी हात मांडीवर परत ठेवला.

लुलवाला प्रचंड उकडत होतं. पाठ ओली झाली, घसा सुकला, डोळे चुरचुरले. कितीतरी महिन्यांनी तिला काहीतरी होत होतं. तिने चारही काचा खाली केल्या आणि शुब्बरला फोन लावला.

“काका, एसी काढाच.”

“काढतो म्हटलं ना. एसी आणि सीट, दोन्ही.”

“सीट राहू दे,” ती म्हणाली. “काटा बघणारा माणूस बसतो तिथे.”