न रंगवलेली पायरी

“बलभीमकाका, या रंगवलेल्या दाराखाली ही पायरी कुणी काढायला सांगितली?” दिग्दर्शक दीपमालानं सर्वांदेखत विचारलं. प्रयोग संध्याकाळीच होता.

बलभीम भडकला. मुरुम गावात तीस वर्षं तो नाटकाचे फ्लॅट, म्हणजे चौकटीवर कापड ताणून रंगवलेल्या भिंती, बनवत होता. नकाशाबाहेर एक रेघ कधी ओढली नव्हती. “म्या न्हाय काढली, ताई!”

“मग आपोआप उगवली? फ्लॅट राहू द्या, मी नुसते पडदे लावते.”

त्यानं पायरी रंगानं झाकली. जेवून आला, तर दोन पायऱ्या.

संतापून त्यानं चौकटीवरचं कापड फाडलं, नवं ताणून ठोकलं, दार पुन्हा रंगवलं आणि त्यावर नजर रोखून उभा राहिला. दाराखाली काहीच उमटलं नाही.

“या ताई, बघा आता!”

दीपमाला आली, पण फ्लॅटकडं न बघता त्याच्या पायांकडं बघत राहिली.

दारापासून फरशीवर पायऱ्या रंगवलेल्या होत्या. तिसरीवर बलभीम उभा होता.