जनरलसाहेबांची परीक्षा

"बाबा, ती पदकं भिंतीवरून काढू का?" सुश्रुतनं विचारलं.

"का? चोरीची आहेत?"

"तसं नाही हो. माणसं उगाच दबतात. स्थळ हातचं जायचं."

लेफ्टनंट जनरल सुधीर कारखानीस, निवृत्त, यांनी भिंतीकडे पाहिलं. वीरचक्र, सेना पदक, परमविशिष्ट सेवा पदक, सगळी जागच्या जागी होती. "राहू दे," ते म्हणाले, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. बर्फात पहारे केलेला हा माणूस डोंबिवलीचे पाहुणे येणार म्हणून सकाळपासून घामाघूम झाला होता!

स्थळ सुश्रुत आणि नीरजानं फोनवर बोलून बोलूनच जुळवत आणलं होतं. आता फक्त समोरासमोर बसायचं बाकी होतं. सुश्रुतची आई गेल्यापासून वर्तकनगरच्या या घरात दोन पुरुष आणि एक टीव्ही. होकार आला तर घराला घरपण येणार, नाही आला तर आहेच आपला टीव्ही.

मुलीकडच्यांनी आधी येऊन घर बघायचं, ही नीरजाच्या आईची, हेमाताईंची अट. मायलेकी मिळून मानपाड्याला गणिताचा क्लास चालवायच्या. हिशेब चुकलेला त्यांना खपत नसे.

बेल वाजली. हेमाताई आत आल्या. मागून लेक नीरजा, तिला हसू आवरत नव्हतं.

पोहे जनरलसाहेबांनी स्वतः केले होते.

"मीठ विसरलात," पहिल्याच घासाला हेमाताई म्हणाल्या.

सुश्रुतनं घाईघाईनं बाबांकडे पाहिलं. ज्यांच्यासमोर भलेभले अधिकारी चळाचळा कापायचे, ते जनरलसाहेब निमूट उठले आणि मिठाची बरणी घेऊन आले.

"लग्नानंतर क्लास बंद होणार नाही, आधीच सांगते."

"मंजूर."

"आणि पहाटे पाचला कुणी कुणाला उठवायचं नाही."

जनरलसाहेबांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं. "मंजूर."

"काका, ही पदकं कशाकशाची?" नीरजानं मध्येच विचारलं.

झालं! साहेबांची कळी खुलली. हे खिंड राखली तेव्हाचं, हे पुरातून गावं बाहेर काढली तेव्हाचं. सुश्रुत डोळ्यांनी खुणावत होता, पण बघतंय कोण? गाडी सुसाट सुटली होती.

"एखादी मोहीम फसलीही असेल की," हेमाताई शांतपणे म्हणाल्या.

जनरलसाहेबांनी पदकांकडे पाठ केली.

"फसली ना. सुश्रुतच्या आईला काश्मीर बघायचं होतं. मी तिथं वर्षानुवर्षं राहिलो आणि ती इथं वाट बघत राहिली. ती गेली तेव्हाही मी वेळेवर पोचलो नाही. माझ्यामागं लोक पदकांबद्दल बोलतील, बोलू देत. पण या घरात आता जी येईल, तिच्यावर तशी वाट बघायची वेळ येणार नाही. शब्द देतो."

संपलं सगळं, सुश्रुतच्या मनात आलं. एवढं खरं पहिल्या भेटीत कुणी बोलतं का! स्थळ गेलं, आणि तेही मीठ घालून खाल्लेल्या पोह्यांनंतर.

 हेमाताईंनी लेकीकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली.

"आम्हाला पसंत आहे!" नीरजा ओरडलीच.

सुश्रुतनं आनंदानं टाळी वाजवली. वाजवून वर ओशाळला. घरात इतकं हसू कितीतरी दिवसांनी ऐकू आलं होतं.

"आता पद्धतीप्रमाणे मुलामुलीला जरा एकटं बोलू द्यायला हवं," असं म्हणत त्यानं गॅलरीचं दार सरकवलं.

नीरजानं हेमाताईंच्या हातातली बशी काढून घेतली.

"ऊठ गं आई, लाजतेस काय अशी? काका गॅलरीत जाऊन उभेही राहिलेत!"