ईशान्येची वाट

कप्तान आणि खलाशांना घेऊन होड्या किनाऱ्याकडे निघाल्या, तेव्हा ईनॉक टेबरनंही शिडीवर पाय ठेवला. पळालेल्या कैद्यांचा म्होरक्या ट्रेसी यानं दंड धरून त्याला मागं ओढलं.

"तुम्ही कुठं निघालात, साहेब? तुमच्यावाचून आमचं अडतंय."

टेबर 'प्रुडन्स'चा मेट होता, कप्तानाच्या खालोखालचा. देवमाशांची शिकार करणारं हे जहाज गोड पाणी भरायला व्हॅन डीमेन्स लँड या इंग्रजांच्या कैदी ठेवायच्या बेटावर एका ओसाड खाडीत थांबलं होतं. निम्मे खलाशी पिंपं घेऊन ओढ्यावर गेले आणि झाडीतून अकरा कैदी बाहेर पडले. सगळे काळ्या पाण्याची शिक्षा भोगणारे, छावणीतून पळालेले. तासाभरात देवमाशांसाठी पाजळून ठेवलेले भाले त्यांच्या हातात होते आणि जहाज त्यांचं झालं होतं.

रक्त सांडलं नाही. ट्रेसीनं होड्यांत पाणी आणि बिस्किटं ठेवू दिली. कप्तानाला त्याचा कोटसुद्धा परत दिला.

"नकाशा वाचता येणारा तू एकटाच," तो टेबरला म्हणाला. "जिथं इंग्रजांचा शिपाई नाही अशा बेटावर आम्हाला सोड. मग जहाज तुझं. दगा दिलास तर डोलकाठीला लटकशील."

टेबरला कप्तानाच्या खोलीत कोंडलं. ट्रेसी जन्मभर कालव्यात होड्या हाकलेला माणूस. होकायंत्रावरच्या दिशा तेवढ्या त्याला ओळखता येत, बाकीच्यांना त्याही नाहीत. सुकाणूला तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. डुलकी अनावर झाली, तर चाक दोरानं बांधून तिथंच बसे.

तीन दिवस वारा नेईल तिकडे जहाज गेलं. कैद्यांना एवढंच हवं होतं, की मागची जमीन दिसू नये. चौथ्या दिवशी सकाळी धुकं उतरलं. सूर्य नाही, क्षितिज नाही. ट्रेसी खोलीत आला.

"आता दिशा सांग."

"गणित मांडायला हवं. दुपारी सांगतो."

गणित कधीच मांडून झालं होतं. नैऋत्य म्हटलं की पाच दिवसांत जहाज परत त्याच बेटावर, होबार्टच्या बंदरात, इंग्रज शिपायांच्या हाती. या धुक्यात कुणाला पत्ता लागला नसता. आणि ईशान्य म्हटलं, तर पुढं मोकळी बेटं. पण मग टेबरही त्यांच्यातलाच एक. कधीतरी पकडला गेला असता, तर त्यांच्याच रांगेत फासावर चढला असता. घरी बायको होती. तीन वर्षांत तिचं तोंड पाहिलं नव्हतं. नैऋत्यच म्हणायचं, त्यानं ठरवलं.

दुपारी म्हातारा पिम खारवलेल्या मांसाचं कालवण घेऊन आला. टोळीतला सगळ्यात वयस्कर कैदी. थाळी ठेवायला वाकला, तेव्हा सदरा वर सरकला. चाबकाच्या वळांनी पाठ नांगरलेल्या वावरासारखी झाली होती.

"साहेब, तिकडच्या बेटांवर म्हणे झाडाला पाव लागतो. खरं का?"

"फळ असतं. भाजलं की पावासारखं लागतं."

"फुकट?"

"फुकट."

पिम विचारात पडला. "मग तिथं चोर कसे होत असतील?"

टेबरला हसू आलं. "तू काय चोरलं होतंस?"

"दोन चादरी. दोरीवर वाळत होत्या. बावीस वर्षं झाली." तो दारापाशी थांबला. "पुरत्या वाळल्याही नव्हत्या, साहेब."

कालवण निवून गेलं तरी टेबर थाळीकडे बघत बसला होता. ट्रेसी आला तेव्हा त्यानं मान वर केली.

"ईशान्य."

ट्रेसीनं त्याच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. "नक्की?"

"आईची शपथ."

"माझ्या खटल्यातही तिघांनी शपथा घेतल्या होत्या," ट्रेसी म्हणाला आणि दाराला कडी घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी जेवण द्यायला तो स्वतः आला. टेबरनं विचारलं, "कालपर्यंत जहाज डावीकडे कलत होतं. आज उजवीकडे कसं?"

"वारा फिरलाय."

"आणि थंडी? ती आता कमी व्हायला हवी."

"धुकं आहे ना."

"ईशान्येलाच चाललोय ना आपण?"

"तूच सांगितलीस ना दिशा?" ट्रेसी म्हणाला. त्याचे डोळे जागरणानं लाल झाले होते. "मग आता मुकाट्यानं जेव."

टेबरला मात्र कितीतरी महिन्यांनी शांत झोप लागत होती. आपण काय करून बसलो हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तरीही.

दिशा सांगितल्यापासून पाचव्या दिवशी सकाळी डेकवर धावपळ ऐकू आली. "जमीन, जमीन," असा गलका झाला. कडी निघाली. पिमनं टेबरचा हात धरून त्याला वर नेलं. "चला साहेब, पावाचं झाड कुठलं ते दाखवा."

धुकं फाटत होतं. समोर करडे डोंगर, खडकावर पांढरं दीपगृह, टेकडीवर निशाणकाठी. तिच्यावर निशाण चढत होतं, आणि खाडीच्या तोंडातून शिपायांनी भरलेल्या दोन होड्या निघाल्या होत्या.

"होबार्ट," कुणीतरी म्हणालं.

दोघांनी टेबरचे हात पिरगाळले. तिसऱ्यानं आडव्या काठीवरून दोर टाकला.

"मी ईशान्य सांगितली होती," टेबर म्हणाला. "देवाशप्पथ, ईशान्यच."

फास गळ्यात पडला. त्यानं पिमकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं.

"सोडा त्याला."

ट्रेसी सुकाणूपाशीच उभा होता. त्याची नजर होकायंत्रावरून हलली नव्हती.

"त्यानं ईशान्यच सांगितली होती," तो म्हणाला. "मला वाटलं, हा खोटंच सांगणार. म्हणून पाचही दिवस मी उलट हाकत होतो."