फोनातलं घर

हबसामावशीच्या घराचे दोन खांब वाळवीने पोखरले होते. जुनी मलय घरं जपणाऱ्या खात्याकडे तिने तीनदा अर्ज केला, तेव्हा कुठे तिथला रिदुआनसाहेब उगवला. तेही खांब बदलायला नव्हे, घराचे फोटो काढायला. अंगणात उभं राहून फोन धरला की पडद्यावर हेच घर नवंकोरं दिसणार होतं.

"आणि माझे खांब?" मावशीने विचारलं.

"खांबांचं काय घेऊन बसलात, मावशी? घर आता फोनात सुखरूप आहे. हे पडलं तरी बिघडत नाही."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या बापाने हयात घालवून कोरलेलं घर होतं ते! फोनातल्या घराच्या उद्घाटनाच्या आठवड्यात तिने माणसं लावून ते उतरवलं, धडक्या फळ्या होड्या बांधणाऱ्याला देऊन टाकल्या आणि ठरल्या दिवशी रिकाम्या जागेशेजारी स्टूल टाकून बसली. पाहुण्यांसमोर साहेबाचं नाक कापलं जाताना तिला डोळे भरून पाहायचं होतं.

रिदुआन पाहुण्यांना घेऊन आला आणि जागच्या जागी थबकला. मग त्याने फोन वर धरला. पडद्यावर घर झळकलं, पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

तो मावशीजवळ येऊन हळूच म्हणाला,



"बरं केलंत, मावशी. ते जुनं घर सारखं मध्ये येत होतं."