कठड्यावरचा तपकिरी मोजा

बाम्बेर्गच्या जुन्या पेठेत कुणाचा हातमोजा पडलेला दिसला, की टोप्यांच्या दुकानवाल्या हिल्ट्रुडबाई तो आपल्या दारापुढच्या कठड्याला अडकवून ठेवत. ज्याचा असे, तो घेऊन जाई. एक तपकिरी मोजा मात्र तीन हिवाळे तसाच राहिला. बाईंनी त्याचा उसवलेला अंगठासुद्धा शिवून ठेवला.

आज सकाळी दुकान उघडताना बर्फावरून त्यांचा पाय सटकला. कुणीतरी हात धरून त्यांना सावरलं.

"देवासारखे धावून आलात हो!"

समोरचा पाववाला एकार्ट हसला. "बाई, हात हवेत धरून कुणाचे आभार मानताय?"

बाईंनी वळून पाहिलं. जवळ कुणी नव्हतं. कठड्यावर मोजाही नव्हता. त्यांचा हात मात्र अजून कुणी सोडला नव्हता, आणि बोटांना अंगठ्यावरचे स्वतःचेच टाके लागत होते.

"एवढ्याशा टाक्यांची आठवण ठेवलीस, बाबा?"

पकड हलकेच घट्ट झाली.